घरगुती मसाल्याचा लोगो स्वतःच करतेय, जरा बघून सांगाल का?

स्मिता_मिरज

नमस्कार सगळ्यांना. मी मिरजेची. दीड वर्षापासून मी आणि सासूबाई मिळून घरून कांदा लसूण मसाला, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट करून देतोय. आत्तापर्यंत सगळं ओळखीतच जायचं, साध्या पिशवीत भरायचं, वर स्केचपेनने नाव लिहायचं की झालं. आता पुण्यात दोन दुकानदार माल ठेवून घ्यायला तयार झालेत पण ते म्हणाले ताई नीट लेबल लावून आणा, त्यावर तुमचं काहीतरी चिन्ह पाहिजे, नुसत्या पिशवीवर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही.

नाव ठरलंय, 'चुलीपाशी'. सासूबाईंनीच सुचवलं, कारण मिरची आम्ही अजून मागच्या अंगणात चुलीवरच भाजतो.

डिझायनरने आठ हजार सांगितले. त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही, पण गेल्याच महिन्यात सीलिंग मशीन घेतलंय त्यामुळे लगेच जमणार नाही. म्हणून फोनमधल्या एका ॲपवर मीच बसून केला. गोल आहे, मधे चूल, चुलीवर कढई, कढईतून धूर, एका बाजूला मिरच्या, दुसऱ्या बाजूला ज्वारीचं कणीस, खाली बांगड्या घातलेले दोन हात, आणि भोवतीने गोलात 'अस्सल घरगुती चव, मिरज'. तीन रात्री जागून केलाय. फोनवर इतका छान दिसतो की सगळ्यांनी कौतुक केलं. पण काल दोन इंचाच्या स्टिकरवर प्रिंट काढून आणली आणि रडूच आलं. चूल म्हणजे काळा डाग, कणीस कसलं ते कळतच नाही, आणि गोलातली अक्षरं मला चष्मा लावून वाचता येईनात.

धाकटे दीर म्हणतात शिवाजी महाराजांचं चित्र टाका, सगळे आदराने बघतील. मला ते मसाल्याच्या पाकिटावर नको वाटतंय, कारण पाकीट संपलं की कचऱ्यातच जाणार ना. पण घरात एकटीच बोलतेय.

तर विचारायचं होतं की स्वतः लोगो करणं सोडून द्यावं का? करायचा तर कशात करू, रंग कुठले घेऊ, आणि तो रजिस्टर वगैरे करावा लागतो का?

कोरल_दादा

ताई सोडू नका. मी इचलकरंजीत स्टिकर, पिशव्या, लग्नपत्रिका हेच काम करतो, एकवीस वर्षं झाली. तुमच्यासारखे दर आठवड्याला दोघंतिघं येतात आणि सगळ्यांचं दुखणं एकच, लोगो फोनवर मोठा करून बघितलेला असतो आणि छापायचा असतो बोटाएवढा.

एक करा. जो काही लोगो कराल तो कागदावर दीड सेंटिमीटर रुंदीचा काढा, नुसता काळा, आणि हात लांब करून धरा. वाचता आलं तर पुढे जायचं, नाही आलं तर त्यातलं काहीतरी काढून टाकायचं आणि परत बघायचं. तुमच्या गोलात मी मोजल्या, सात वस्तू आहेत. सहा चुलीत घाला, एक उरवा.

दुसरं काळ्या रंगाचं. आधी एका रंगात उभा राहिला पाहिजे. उद्या तुम्हाला कापडी पिशव्या छापायच्या असतील, बिलबुकावर रबरी शिक्का मारायचा असेल, कुरिअरच्या खोक्यावर मारायचा असेल. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी करावी लागते म्हणजे चार रंगाचा लोगो असला की चार जाळ्या, चार वेळा पिशवी मशीनखाली, आणि कुठे अर्धा मिलीमीटर सरकली तर मिरचीचा लाल रंग देठाच्या बाहेर. आणि ते फिक्याकडून गडदकडे जाणारे शेडिंग असतात ना ॲपमधे, ते शिक्क्यावर येतच नाहीत.

पाकिटं कसली वापरताय? ब्राऊन क्राफ्टची असतील तर त्यावर थेट पिवळा किंवा केशरी छापू नका, दिसत नाही, कारण तिथे खालचा कागदच रंगीत आहे. क्राफ्टवर काळा नाहीतर गडद लाल चालतो, किंवा सरळ पांढरा स्टिकर लावा. आणि कागदी स्टिकर घेऊ नका, कांदा लसूण मसाल्याला तेल असतं, भरताना हात लागला की चार दिवसात पिवळा डाग पडतो, वर लॅमिनेशन पाहिजेच. लाल रंग फोनवर दिसतो तसा छापून येत नाही हे पण ध्यानात ठेवा. फोनचा लाल उजेडाचा असतो, आमचा शाईचा. शाईत मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी १०० टक्के आणि यलो १०० टक्के दिलं की मिरचीचा लाल बसतो, जरा भाजलेला काळपट पाहिजे असेल तर त्यात २०-३० टक्के ब्लॅक.

फाइल मात्र नीट आणा म्हणजे कुठलाच प्रिंटर तुम्हाला परत पाठवणार नाही. आम्हा सगळ्यांना कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सीडीआर फाइल लागते, ती नसली तर पीडीएफ किंवा एसव्हीजी चालते, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला जेपीजी नको, तो दाबून लहान झालेला असतो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि अक्षरं कर्व्ह करून द्या, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेघांचा आकार करून, नाहीतर आमच्याकडे तो फॉन्ट नसला की चुलीपाशीच्या जागी डबे डबे येतात.

अक्षरवेडी

स्मिताताई, मी शाळेत चित्रकला शिकवते, वडील पाट्या रंगवायचे त्यामुळे अक्षर हा माझ्या घरचाच विषय आहे. दादांनी छपाईचं सगळं सांगितलंय, मला फक्त तुमच्या नावाबद्दल बोलायचंय, कारण इतकं चांगलं नाव हातात असताना तुम्ही चित्राच्या मागे लागलाय.

'चुलीपाशी' हा शब्द एकदा मोठा लिहून बघा. शिरोरेषेच्या वर काय येतं? ली ची वेलांटी आणि शी ची वेलांटी. दोनच, आणि दोन्ही दीर्घ. सरळ रेषेवरून वर उठून वळणाऱ्या दोन रेघा. तो धूरच आहे ताई! वेगळी कढई नको, धूर नको. शिरोरेषा जरा जाड करा, हाताने लिंपलेल्या ओट्यासारखी थोडी ओबडधोबड, आणि त्या दोन वेलांट्या नेहमीपेक्षा उंच जाऊ द्या, एक जरा कमी एक जरा जास्त. शब्द वाचला जातो आणि चूलही दिसते. हे फक्त आपल्या लिपीतच होऊ शकतं म्हणून मला इतकं लिहावंसं वाटतंय.

कमल शेडगे यांनी नाटकांची नावं जशी लिहिली ती आठवा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसतं नाव बघून नाटक गंभीर आहे की विनोदी ते कळायचं. २०२० मधे ते गेले. माझे वडील त्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचे, ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि त्यात चित्र असलेली पानं फार थोडी आहेत, सगळी अक्षरंच.

आता ल आणि श बद्दल, हे मात्र नक्की तपासा. तुमच्या नावात दोन्ही आहेत. आपला मराठी ल पाकळ्यांचा असतो आणि श देठाचा, हिंदीतला ल दांडीचा असतो आणि श वेगळा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातसुद्धा मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलेत. फोनच्या ॲपमधले बरेच फॉन्ट आपोआप हिंदी वळणाचे देतात आणि आपल्याला पटकन लक्षात येत नाही, फक्त काहीतरी परकं वाटत राहतं. गूगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट मिळतो, तो खास मराठी वळणाचा आहे आणि फुकट आहे, धंद्यासाठी वापरला तरी चालतो. त्याच्या बारीक रेघा स्टिकरवर पुसट होतील म्हणून तो जसाच्या तसा घेऊ नका, पण वळण बघायला समोर ठेवा.

आणि हाताने लिहा ना. तुम्ही किंवा सासूबाई. स्केचपेनने पिशवीवर नाव लिहीतच होतात. पांढऱ्या कागदावर जाड काळ्या पेनने पन्नास वेळा लिहा आणि त्यातलं एक निवडा. मी आठवीच्या वर्गात एकदा मुलांना आठवणीतून चिन्हं काढायला सांगितली होती. स्टेट बँकेचं जवळपास सगळ्यांना आलं, गोल आणि त्यात खालून एक फट, शेखर कामत यांनी १९७१ मधे केलंय ते. रुपयाचं चिन्ह सगळ्यांना आलं, ते तर मुळात आपल्या र वरून आणि इंग्रजी आर वरून केलेलं आहे, २०१० सालचं. बाकी चार रंगांचं, पाच वस्तूंचं एकही चिन्ह कुणाला आलं नाही.

दुकान_कोथरूड

मी काउंटरच्या या बाजूचा माणूस, म्हणून माझं वेगळं म्हणणं मांडतो. लोगो करा, जरूर करा, पण पाकिटावर तो सगळ्यात मोठा करू नका. माझ्या दुकानात घरगुती मालाचं एक कपाट आहे, वीसेक जणींचा माल असतो. गिऱ्हाईक येतं ते भाजणी शोधत येतं. 'चुलीपाशी' एवढं मोठं आणि 'थालीपीठ भाजणी' मुंगीएवढं असेल तर ते पाकीट उचलतं, उलटं करतं, ठेवून देतं. पदार्थाचं नाव हातभर अंतरावरून वाचता आलं पाहिजे, लोगो वरच्या कोपऱ्यात पुरे.

चार पदार्थ आहेत तर लोगो एकच ठेवा आणि खालची पट्टी बदला, मसाल्याला लाल, भाजणीला मातकट, मेतकुटाला हळदी, चटणीला शेंगदाण्याच्या सालीसारखी. मला माल लावताना लांबून कळतं आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी 'ते लाल पट्टीवालं द्या' म्हणून मागतं. हे मी रोज ऐकतो.

आणि लेबलवर जागा सोडा. एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, शाकाहाराचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, वजन, किंमत, घटक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, पत्ता आणि फोन, हे सगळं नीट वाचता येईल असं बसलं पाहिजे, नाहीतर मला माल ठेवता येत नाही. गेल्या वर्षी एका ताईंनी फार देखणं लेबल करून आणलं आणि वजन टाकायला जागाच उरली नव्हती, पाचशे स्टिकर वाया गेले. त्यांच्यासोबत मलाही वाईट वाटलं.

नीलिमा_ठाणे

मी ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या ऑफिसात आहे म्हणून रजिस्टरचं सांगते.

आधी महाराजांच्या चित्राचं. ताई तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे आणि ते नुसतं भावनेचं नाही. १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. महात्मा गांधींचं आहे, राष्ट्रध्वज आहे, राजचिन्ह आहे. धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमधे ते परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि असा ट्रेडमार्क नोंदणीलाच नाकारतात. दिरांना एवढंच दाखवा.

नोंदणी सक्तीची नाही, लोगो वापरायला आजपासून सुरुवात करू शकता. पण नाव शोधून बघा आधी. आयपी इंडिया म्हणजे सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे, तिथे वर्ग ३० मधे शोधा कारण मसाले आणि पिठं त्यात येतात. नुसतं हुबेहूब नाही, उच्चाराने जवळचं पण बघा, चूल, चुलीवर, चुलीवरचं, असं सगळं, आणि इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून. हे स्टिकर छापायच्या आधी करा, नंतर नाव बदलावं लागलं की सगळंच बदलावं लागतं.

अर्ज करायचा तर एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ९,०००. नोंदणी झाली की १० वर्षं, मग पुढे वाढवता येते. माझं मत विचाराल तर आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा, चित्राचा नंतर, कारण लोगो तुम्ही दोन वर्षांनी सुधाराल पण नाव तेच राहील. 'अस्सल घरगुती चव' असल्या वर्णनाच्या शब्दांवर हक्क सहसा मिळत नाही, ते कुणीही म्हणू शकतं.

नावाच्या शेजारी छोटं टीएम (ट्रेडमार्क) आत्ताही टाकता येतं. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय टाकायचा नाही, कायद्यात त्याला मनाई आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी तो आधीच छापलेला असतो.

आणखी एक, ॲपमधली तयार चित्रं. तुमची चूल आणि मिरच्या जर ॲपने दिलेल्या असतील तर तीच चित्रं आणखी हजार जण वापरत असतील. कॅनव्हा तर स्वतःच सांगतं की त्यांची तयार चित्रं घातलेल्या लोगोचा ट्रेडमार्क घेता येत नाही. अक्षरवेडी म्हणतायत तसं हाताने लिहिलेलं असेल तर तो प्रश्नच उरत नाही, ते तुमचंच आहे.

स्मिता_मिरज

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, परत परत वाचतेय. दिरांना कायद्याचं दाखवलं, ते लगेच हो म्हणाले, त्यांना माहीतच नव्हतं.

नाव शोधलं. चुलीवरचं म्हणून बरंच काही आहे पण चुलीपाशी मला वर्ग ३० मधे दिसलं नाही. नीलिमाताई, तुम्हाला मेसेज केलाय, एकदा तुमच्या नजरेखालून गेलं तर बरं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाईंना कागद आणि जाड मार्कर दिला. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर टपोरं आहे. सुरुवातीला फार जपून लिहीत होत्या, अक्षर ताठ ताठ येत होतं. पंधरावीस झाल्यावर मी म्हटलं आई, बरणीवर लिहिता ना तसं लिहा, मग हात सुटला. त्या शिरोरेषा सगळ्यात शेवटी ओढतात, एका दमात, आणि शी च्या पुढे थोडी जास्त जाते. ती जास्तीची रेघ मला फार आवडली, चुलीत सारलेलं लाकूड बाहेर येतं ना तशी दिसते. ल त्यांचा पाकळ्यांचाच आहे, दुसरा त्यांना माहीतच नाही.

इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर भाच्याने लॅपटॉपवर टाकून दिलं. कागदाचा फोटो काढून त्यात ट्रेस बिटमॅप केलं की अक्षराचं वेक्टर होतं, म्हणजे कितीही लहानमोठं केलं तरी न फाटणारं रेघांचं चित्र. कडेला खूप बारीक काटे काटे आले होते, ते सिम्प्लिफाय केल्यावर गेले, पण दोनदाच करायचं, जास्त केलं की अक्षराचं वळणच जातं. वेलांट्या मी ओढून उंच केल्या.

मग दादांची दीड सेंटिमीटरची परीक्षा. पहिल्यांदा नापास. ल च्या दोन पाकळ्यांमधली जागा भरून गेली आणि लांबून तो ल आहे की काय आहे ते कळेना, आणि च च्या पोटातही शाई भरली. मार्करची रेघच जाड होती. सासूबाईंना परत बसवलं, या वेळी बारीक पेनने, आणि पाकळ्या मोकळ्या ठेवायला सांगितल्या. आता वाचता येतंय. शेजारच्या काकूंना चष्म्याशिवाय दाखवलं, त्यांनी वाचलं.

रंग एकच ठेवलाय, भाजलेल्या मिरचीचा. खाली पदार्थाचं नाव मोठं आणि पट्टीचे चार रंग, कोथरूडच्या दादांनी सांगितलं तसं. गोल, हात, कणीस सगळं गेलं. मिरच्या काढताना जरा जिवावर आलं होतं. 'मिरज' मात्र लहान अक्षरात खाली ठेवलंय, ते मला काढवत नाही.

एक अडलंय. इंग्रजीत पण लिहू का? पुण्यात शेजारी मराठी न वाचणारी माणसं पण असतील.

दुकान_कोथरूड

लिहा, पण लोगोत नको, मागच्या बाजूला जिथे पत्ता आहे तिथे. आणि पदार्थाचं नाव मात्र पुढे इंग्रजीतही बारीक द्या, आमच्याकडे आयटीतली पोरं येतात, त्यांना मेतकूट माहीत नसतं पण विचारतात आणि नेतात. स्पेलिंग एकदाच ठरवा आणि इन्स्टाला, बिलावर, पाकिटावर तेच ठेवा.

अक्षरवेडी

ती बाहेर आलेली शिरोरेषा अजिबात कापू नका हं. आणि पन्नास वेळा लिहिलेले सगळे कागद जपून ठेवा, त्यावर तारीख घालून सासूबाईंची सही घ्या. मला त्यातला एखादा फोटो बघायला मिळाला तर खूप आनंद होईल.

कोरल_दादा

ताई आता पाचशे छापायची घाई करू नका. १२ बाय १८ ची एकच शीट काढा, दोन इंची स्टिकर चाळीसेक बसतात त्यात. पाकिटं भरून आठ दिवस घरातच हाताळा, तेल लावा, फ्रिजमधे ठेवा, एक उन्हात ठेवा. रंग टिकला, कोपरे सुटले नाहीत की मग मोठी ऑर्डर.

तुम्ही पाठवलेली फाइल मी उघडून बघितली, कर्व्ह बरोबर आहेत. फक्त च चा उकार अगदी कडेला आलाय, त्याच्याखाली निदान तीन मिलीमीटर मोकळं सोडा, कटिंग थोडं जरी सरकलं तरी पहिलं तेच कापलं जाईल आणि पाकिटावर 'चलीपाशी' होईल. तेवढं करून पीडीएफ पाठवा, मंगळवारी मशीन रिकामं आहे.